कफावरची जरी

कोट खुंटीला टांगण्याआधी मी खिसे चाचपतो.
ही शिंप्याची सवय, चोराची नव्हे.
निकानोर कालिसायाच्या खिशात पहिल्यांदा सापडलं
ते तितिकाकाच्या काठचं सुकलेलं लव्हाळं
आणि बसचं तिकीट. परतीचं नव्हतं.
तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, खांदे कोटाहून अरुंद.
"भरतील," म्हणाला.
मी शिवणीत दोन बोटं कापड राखून ठेवलं.

आमच्या देशाला समुद्र नाही.
आजोबांच्या आजोबांनी तो लढाईत घालवला.
नौदल मात्र आहे.
दर मार्चमध्ये शाळेतली पोरं समुद्रासाठी मिरवणुकीत चालतात,
हरवलेल्या माणसाचा फोटो छातीशी धरून चालावं तशी.
हसायचं असेल त्यांनी दुकानाबाहेर जाऊन हसावं.

पहिली पट्टी तिकिनाच्या सामुद्रधुनीवर:
बस तराफ्यावरून पलीकडे जाते, माणसं वेगळ्या होडीतून,
आणि हा काठावर शिट्टी घेऊन उभा.
दुसरी मामोरे नदीवर, जंगलात.
तिथून कोट आला तो बुरशीसकट,
खिशात क्विनीनची अर्धी गोळी.
कंबर चार बोटं आत घ्यावी लागली.
तिसरीला फार उशीर झाला.
परदेशी जहाजावर पाठवायच्या यादीत तीनदा नाव लागलं,
तीनदा कुणाचा तरी भाचा गेला.
त्यानं तक्रार केली नाही. नवी बटणं मागितली.

एकदा कोट आला तो आतूनबाहेरून चिंब.
रात्रीच्या वादळात तराफा उलटला होता,
यानं अकरा जणांना वर ओढलं,
बाराव्याचा हात सुटला.
पदक नाही मिळालं. युद्ध थोडंच होतं ते?
बेनिता, त्याची बायको, हळूच म्हणाली:
झोपेत मूठ आवळतात, सोडवता सुटत नाही.
उजव्या कफाचं अस्तर नखांनी फाटलेलं, ते मी बदललं.
पैसे नको म्हणालो. तो रागावला. घेतले.

मग पट्ट्या भराभर आल्या. पोटही.
फायली, फिती कापणं, मंत्र्यांसाठी उन्हात ताटकळणं;
खिशात आता फक्त पित्ताच्या गोळ्या.
शेवटची जाड पट्टी मी दोन चष्मे बदलून शिवली.
रिअर अ‍ॅडमिरल,
समुद्रसपाटीपासून साडेबारा हजार फूट.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात आला
तो साधी राखाडी पँट घेऊन.
"पायाची शिवण उसवलीय."
गुडघ्याखाली दुमडल्याच्या घड्या
आणि त्यांच्या कडेनं एक पांढरी, वेडीवाकडी रेघ.
खडू वाटला. जिभेला लावून पाहिलं.
खिशात आरिकाचं तिकीट, या खेपेला परतीचंही.
रांगेत उभं राहून, शिक्का मारून घेऊन गेला होता.
व्यवसाय: पेन्शनर.

"कसा आहे?" मी विचारलं.
तो बराच वेळ कात्रीकडे बघत राहिला.
"भरती-ओहोटीचे पेपर तपासलेत मी, बावीस वर्षं.
पोरांचे मार्क कापलेत.
पण तो खरंच मागे जातो, कासिमिरो.
आणि मग, कुणी बोलावलेलं नसताना, परत येतो."

मी ब्रश उचलला तसा त्यानं माझं मनगट धरलं.
काय पकड होती अजून!

पावतीवर लिहिलं:
पायाची शिवण, एक.
धुलाई नाही.