मागचं मागे राहावं म्हणून

कंत्राटाच्या नव्या कागदात एक ओळ आली:
टपालाच्या गाडीत माल आणि माणूस
यांच्या मध्ये लोखंडी जाळी हवी.
सतरा वर्षं मी जाळीशिवाय टपाल नेलंय
कूबर पीडीपासून उत्तरेकडच्या गुरांच्या वस्त्यांवर,
पत्रं, पिठाची पोती, पंपाचे सुटे भाग,
एकदा तर जिवंत कोंबड्यांचे अकरा खोके.
कुणी मेलं नाही, मी म्हटलं.
ईवो म्हणाला, अजून.

जाळी भंगारातली, दुसऱ्याच सालच्या गाडीची.
त्याने ती अंगणात आडवी टाकली
आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला,
न सांगता आलेल्या पाहुण्याला कुठे झोपवावं
याचा विचार करावा तसा.
मग गाडीत शिरून छताच्या अस्तरात नख घातलं,
प्लास्टिकची एक गोल टिकली उचकटली.
आत आटे पाडलेलं भोक.
"बघ नोरीन, कारखान्यानेच सोडून ठेवलंय."

सतरा वर्षं माझ्या डोक्यामागे
ही जागा तयार होती,
आणि मी तिच्यावर दर डिसेंबरात
कागदी चांदणी चिकटवत होते.

डावा कंस बसला.
उजवा बोटभर कमी पडला.
ईवोने शिवी हासडली ती क्रोएशियन,
बापाकडून आलेली,
ओपलच्या खाणीत घासून गुळगुळीत झालेली.
"बोल्ट आधी नुसते बोटांनी फिरव.
एकही आवळू नकोस.
एक आवळलास की बाकीचे रुसतात."
मी मालाच्या जागेत गुडघ्यांवर,
तेरा नंबरचा पाना दातांत,
घामावर लाल धुळीचं सारवण.

त्याच्याशी बोलायचं तर उजवीकडून बोलावं लागतं,
हे गावात सगळ्यांना माहीत.
का, ते मी कधी विचारलं नव्हतं.
"जॅक," तो आपणहून म्हणाला, ड्रिल थांबवून.
"मागे टाकलेला. बांधला नव्हता.
एमू आडवा आला, मी ब्रेक दाबला,
गाडी थांबली.
जॅकला कुणी सांगितलंच नाही."
आणि ड्रिल पुन्हा सुरू.

त्या आवाजात मी काहीतरी बोलले.
त्याला ऐकू गेलं नसावं.
बरंच झालं, बोलणं धड नव्हतंच.

टर्निप सावलीत बसून हे सगळं बघत होता.
नऊ वर्षं तो मागे उभा राहून
माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवत आलाय.
माझ्या प्रत्येक सदऱ्यावर डाव्या बाजूला
त्याच्या लाळेचा डाग आहे, धुऊनही न जाणारा.
ह्याला पुढे बसवू का, मी विचारलं.
"ब्रेकच्या हिशेबात कुत्रासुद्धा मालच," ईवो म्हणाला,
आणि वर बघितलं नाही.

शेवटी त्याने जाळीला दोन्ही हातांनी लटकून
अख्खं वजन टाकलं.
गाडी हलली, जाळी नाही.
पैसे नको म्हणाला;
दोन आठवड्यांनी येताना
वरच्या वस्तीवरच्या बाईकडून लिंबाचं लोणचं आण,
ती अफगाण आजीच्या हातचं घालते तसं.
एक बोल्ट उरला होता.
दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.
त्याने तो ॲशट्रेत टाकला आणि झाकण लावलं.

आता डांबर संपलंय.
टर्निपने आधी पाठ फिरवली, रुसून,
मग एकेक चौकोन हुंगत हुंगत
माझ्या मानेमागचा नेमका शोधला.
नाक तेवढं येतं त्यातून. ओलं, गार.
हनुवटी येत नाही.
मी सीट एक खाच मागे घेतली.

गुरं अडवायच्या लोखंडी पट्ट्यांवरून चाकं गेली
की ॲशट्रे खुळखुळते.
कुठला असेल तो बोल्ट?
परतल्यावर विचारायला हवं,
उजवीकडे उभं राहून.