लाल चांदणी

जिथं लाल चांदणी आहे तिथं भरायलाच लागतं,
बाकीचं रिकामं सोडलं तर चालतंय, म्हणाला महांतेश.
दुसऱ्या गेटजवळचं त्याचं सायबर. फाटक पडलेलं,
बाहेर रिक्षा इंजिन बंद करून उभ्या.

उपयोजित विज्ञानातली पदवी, विषय व्यवसाय.
सगळं घरबसल्या.
घरी बसून मला किती वर्षं झाली
ते मात्र फॉर्म विचारत नाही.

नाव, दहावीच्या मार्क्सकार्डाप्रमाणे.
मार्क्सकार्डावर मी अनसूया,
आधारवर अनुसया,
डिप्लोमावर कानडीतून इंग्रजीत जाताना
शेवटी एक जादा ए चिकटलाय,
पदराला कुसळ चिकटावं तसा.
तिघी एकच आहोत याचं शपथपत्र.
शंभराचा स्टँप, वकिलाचे दोनशे.

जन्माचं राज्य.
कंग्राळीत आमची एकच खोली.
अण्णा तिथं जन्मले ते मुंबई राज्यात,
थोरली अक्का म्हैसूर राज्यात,
मी कर्नाटकात.
खोली जागची हलली नाही.
मधे एकदा कौलं बदलली, एवढंच.

डिप्लोमाचे साठ क्रेडिट धरतील म्हणे.
मला वाटलं उधारी.
नव्हे गं अक्का, क्रेडिट म्हणजे शिकलेलं जमा.
म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा तो ड्रॉइंग बोर्ड,
वर्गात मुली दोनच, मी आणि फर्जाना,
ते सगळं कुठंतरी जमा होतं
आणि मला पासबुक कुणी दाखवलं नव्हतं.

मग अनुभव. देखरेखीच्या कामाची दोन वर्षं, पत्र जोडा.
उद्यमबागेत मला अकरा झाली.
कोणती गाडी कधी भरायची, कुठला माल मागं ठेवायचा,
कुणाला रविवारी बोलवायचं,
सगळं माझ्याकडं.
शेठनी पत्र दिलं, शिक्का स्वच्छ उमटलेला:
सदर बाई आमच्याकडे हेल्पर.

मी काही बोलले नाही. पत्र डब्याच्या पिशवीत घातलं,
ते भाकरीला लागून तेलकट झालं.

दुसऱ्या दिवशी टाइमकीपर इराण्णानं कपाट उघडलं.
गेटपासची बुकं, एकावर एक, वाळूची धूळ बसलेली.
एक पान उलटलं, दुसरं उलटलं,
निम्दे अक्षर नोड्री, म्हणाला.
खरंच माझंच अक्षर.
खाली सही, सहीखाली छापलेलं:
डिस्पॅच इन्चार्ज.
इराण्णा, फोटो काढू का?
तो म्हणाला मी चहाला चाललोय,
आणि किल्ली कपाटालाच ठेवून गेला.

आता निबंध. व्यवसाय का शिकायचाय, पाचशे शब्दांत.
महांतेश म्हणाला, तयार मिळतो, पन्नास रुपये.
नको म्हटलं.
मी लिहिलं, पुण्याहून एकशे चाळीस पंप-बॉड्या परत आल्या,
पोटात भोकं.
बाइंडरमधे नगामागं तीन रुपये वाचवलेले,
म्हणजे चारशे वीस.
जातायेताचं भाडंच अठरा हजार,
आणि वितळवायची वीज वेगळी.
हे मी शेठना कागदावर मांडून दाखवलं होतं.
ते बघू म्हणाले.
मला त्या बघूच्या पलीकडचं शिकायचंय.
शब्द मोजले तर एकशे बारा.
बाकीचे सुचेनात. राहू दे म्हटलं.

शेवटी शिक्षणाचं माध्यम.
यादीत इंग्रजी, हिंदी, आणि खाली इतर.
इतरवर बोट ठेवलं.
गाडी गेली, फाटक वर गेलं,
रिक्षा सगळ्या एकदम ओरडायला लागल्या.

सबमिट करू की?
थांब रे, इतरच्या पुढं एक ओळ दिसूलीय.
तिला चांदणी नाही अक्का, सोडली तरी चालतंय.

ठाऊक आहे.
सातवीपर्यंत मराठी, लिहिलं मी,
पुढं इंग्रजी,
आणि गेटवरची कानडी, ती कुणी शिकवली नाही.
ओळ संपली. कानडी अर्धीच मावली.
पुसून परत लहान करून लिहिली.