पाचशे एकावा नग

उद्यमबागेत, दुसऱ्या पाळीला,
भरमू सुंठकर मॅनिफोल्ड घासतो.
ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलंय:
स्पेशल एडिशन, नग पाचशे.
अमेरिकेतली चार दारांची सेडान,
सुपरवायझर सांगत होता,
बॉनेटवर काळा पट्टा, जादा घोड्यांची ताकद,
आणि डॅशबोर्डावर नंबर कोरलेली पितळी पट्टी.

घोड्यांचं भरमूला एवढंच कळतं:
आतली भिंत गुळगुळीत हवी.
धूर अडला की घोडे अडले.
तो बोट घालून बघतो,
डोळे मिटून,
गाभण म्हशीला तपासावं तसं.

शेजारी इराण्णा कन्नडात मोजतो, हा मराठीत.
चारशे नव्याण्णवला दोघं एकदम थांबले,
एकमेकांकडे बघून
चहाला गेले.

एक नग बाद निघाला.
मोहरीएवढं भोक.
भट्टीत परत जायचा तो,
भरमूनं गेटवर काट्याला लावला,
भंगाराच्या भावानं पैसे भरले,
आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून अनगोळला नेला.

तिथं आता तो
मागचं दार अडवून बसलाय.
पोरीनं खडूनं नंबर घातलाय,
पाचशेपैकी पाचशे एक.
दुपारी वारा सुटला की
त्याच्या चार तोंडांतून
बारीक घुमतं काहीतरी.
भरमूची बायको म्हणते,
बघा, तुमची गाडी आली.