रेघेबाहेर

आधी हळद धुतली.
मार्केट यार्डातल्या पोत्यांची हळद
आणि घरून थापून आणलेली हळद
वेगळी करता येत नव्हती.
पिवळ्याखाली लाल होतं. फार नाही,
पोटरीवर, तळहाताएवढं.
परवा पोत्याची तार लागली होती.

भैरू ऐवळे, वय बेचाळीस, हमाल.
क्विंटल पाठीवर घेणारा माणूस
चादर घासली तरी ओरडत होता.
शेजारचा कॉट म्हणाला, नाटकं करतंय.
मला तिथंच खटकलं.
दिसतं त्याहून दुखतं जास्त,
तर दिसण्यावर जाऊ नये, पोरी :
मिरजेच्या कुरणे सिस्टर, दात कोरत सांगायच्या.

बॉलपेनने लालीच्या कडेकडेनं रेघ ओढली,
खाली घोट्याशी लिहिलं ११.४०.
"मोजणी करताय व्हय?"
हसायला गेला, अर्ध्यात कळवळला.

साडेबाराला लाली रेघेबाहेर, दोन बोटं.
सूज त्याच्याही पुढे, कातडी फळीसारखी.
नाडी एकशे तीस, ताप जेमतेम.
एक जांभळा फोड, मुगाएवढा.
बाजूला बोट टेकवलं.
"हितं आता दुखत न्हाई, बरं वाटतंय."
माझ्या पोटात खड्डा.

फोनवर मगदूम सर झोपेत : सकाळी बघू.
म्हटलं, रेघ थांबणार नाही सर,
एकदा येऊन बघा.
आले, शर्ट उलटा. बघितलं.
मला काही बोलले नाहीत, थिएटरला बोलले.
अंगठा उमटवताना बायकोनं विचारलं,
पाय राहील का?
आधी ते राहू देत, म्हटलं.

मग ड्रेसिंग. रोज. वास नाकातून घरापर्यंत.
दुखण्याचं इंजेक्शन वीस मिनिटं आधी,
घाई असली तरी वीस.
लघवी मोजायची, कूस बदलायची,
तो पंख्याची पाती मोजायचा : तीन. परत तीन.
नवव्या दिवशी म्हणाला, बघू द्या.
तळाशी दाणे आले होते,
ओले, डाळिंबासारखे.
ज्या लालला त्या रात्री भ्यायले
त्याचीच आता वाट बघत होते.

रेघ कापून गेली होती त्याच रात्री, मांसासकट.
घोट्याशी नुसतं ४० उरलेलं, फिकट.
स्पंज करताना
तेवढं पुसलं नाही मी.