विरळणी

कॅनडा कॉर्नरला, झेरॉक्सच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्याला माझा क्लास आहे.
पोरं म्हणतात, मॅडम,
कॅनडाला जायचं तर आधी कॉर्नर गाठायचा.
मी स्वतः घोटीच्या पलीकडे फारशी गेलेली नाही.
चुका मात्र लांबून ओळखते.

फळ्यावर रोज तेच.
डिस्कसला अबाउट लागत नाही.
रिटर्नच्या मागे बॅक नको,
तो आपला आपण परत येतो.
टुडे मॉर्निंग म्हणजे आपलं आज सकाळी,
कोट घालून निघालेलं.
आणि हा जागोजागचा ओन्ली,
तो आपला च आहे रे,
सवयीनेच येतो.
हा बघा, आत्ताही आला.

हर्षाली बोरस्ते मोहाडीची. नर्स.
रात्रपाळी संपवून थेट यायची,
हाताला स्पिरिटचा वास, वहीलाही.
तिचं वाइन आणि व्हाइन एकच व्हायचं.
वेल म्हणताना दात ओठावर टेकव, मी म्हटलं,
दारू म्हणताना ओठांचा चंबू.
ती हसली.
आमच्याकडे दोन्ही एकाच बांधावर आहेत, मॅडम.
एका व मध्ये राहतात, भांडत नाहीत.

तिच्या वाक्यांना द नसायचा.
पेशंट नीड्स सलाइन.
कोणता पेशंट?
समोर आहे तोच की, दुसरा कोणता?
मला पटलं.
परीक्षकाला पटणार नव्हतं.

निबंधाला अडीचशे शब्द पुरतात.
ती चारशे दहा लिहायची
आणि घंटा व्हायची तेव्हा शेवट राहिलेला असायचा.
लेखनात साडेपाच.
मग पुन्हा साडेपाच, पुन्हा तितकीच फी.
मी लाल पेन उघडलं, ओळीवर ओळ मारू लागले,
ती वाकून बघत होती.
विरळणी करताय होय?

हा शब्द मला नवा होता.
तिने कागदावर घड काढून दाखवला.
मणी ज्वारीएवढा झाला की कात्री घ्यायची.
मधले काढायचे, जवळजवळ निम्मे.
नवीन बाईचा हात अडतो,
चांगला मणी कापवत नाही तिला.
पण दाटी राहिली तर आतला चिरडतो, कुजतो,
आणि वरून घड कसा, फोटो काढावा असा.
कळतं कधी?
खोकं बोटीवर चढल्यावर.

मी पेनाला टोपण लावलं.
घरी ने, म्हटलं. तूच कर.

तिसऱ्या दिवशी दोनशे त्रेसष्ट.
नाउअडेज गेलं होतं.
इन धिस मॉडर्न वर्ल्ड गेलं होतं.
पाठ केलेली म्हण गेली होती, तीही माझीच, मी दिलेली.
प्लेथोरा कुठे पडला कोण जाणे,
मी शोधला नाही.
द मोजले. पंधरा.
एक चुकीचा, तो मी तसाच राहू दिला दुपारपर्यंत.

मग बोलण्याचा सराव.
तुमच्या गावाविषयी सांगा.
आधीच्या चौघांनी तेच सांगितलं होतं,
पवित्र नदी, थंड हवा, प्रसिद्ध चिवडा,
एका दमात, माझ्याच नोट्समधून.
हर्षाली थांबली.
इतकी थांबली की मी घड्याळ पाहिलं.
मग सावकाश, इंग्रजीत म्हणाली,
आमच्या गावात पाच वर्षांचं पोरही
अठरा मिलिमीटर म्हणजे केवढं, ते बोटांनी दाखवतं.
आणि दाखवलं.
टेबलावर, माझ्या आणि तिच्या मध्ये,
नसलेला एक मणी.

ऑक्टोबर छाटणीच्या आदल्या रात्री तिचा मेसेज आला.
लेखन सात.
क्रियापद नाही, द नाही, काही नाही.
वाचून झाल्यावर मी जेवायला बसले.

परवा नवी बॅच.
फळ्यावर सगळ्यात वर मी तो शब्द लिहिला, मराठीत,
आणि खाली रेघ ओढली.
मागच्या बाकावरून एकाने हात वर केला.
मॅडम, स्पेलिंग?