परिच्छेद चौदा

वेलिंग्टनचा वारा कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.
नवव्या मजल्यावरची माझी खिडकी
दुपारी तीनला कण्हायला लागते,
मग पलीकडच्या टेबलावरची फिलिपा उठते
आणि घडी घातलेला एक मसुदा फटीत खुपसते.
मागच्या वर्षीचा आहे तो. जामीन सुधारणा.
एवढा तरी उपयोग झाला त्याचा.

माझं काम सांगायला सोपं:
मंत्र्यांसाठी चार पानं लिहायची.
पर्याय एक, काहीच न करणे.
तो नेहमी पहिला असतो,
आणि त्याच्यापुढे खर्चाच्या रकान्यात शून्य.

एरुएराला मी एकदाच भेटले,
कच्च्या कैद्यांच्या बराकीत, जूनच्या थंडीत.
खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या.
तेवीस वर्षांचा, नखं कुरतडलेली.
आधी त्यानं स्वतःचा डोंगर सांगितला, मग नदी,
मग नाव.
तू कुठली, म्हणाला.
मी म्हटलं, डनेडिन. बाबा पोस्टात होते.
तो हसला. मग तुला पत्त्यांचं कळत असेल.

जामीन मंजूर होता. पत्ता नव्हता.
म्हणजे होता: मेरेआना मावशीचं घर,
नदीच्या वळणावर, मागे डोंगर,
दारात दोन गंजक्या गाड्या आणि एक मेंढी.
पण पायातल्या कड्याला सिग्नल लागतो
आणि डोंगर मध्ये येतो.
जो त्यानं आपल्या नावाआधी सांगितला
तोच.

एकशे बारा दिवस.
गुन्हा शाबीत झाला असता
तर याच्या निम्मे लागले असते.

हे मी परिच्छेद चौदामध्ये लिहिलं.
मग मसुदा गावभर फिरला.
पोलिसांनी 'अडकलेले' खोडून 'प्रभावित' केलं.
अर्थखात्यानं विचारलं, असे किती?
म्हटलं, कुणी मोजलेले नाहीत.
मग नाहीत, म्हणाले.
तुरुंग खात्यानं डोंगर उचलून बाजूला ठेवला
आणि त्या जागी 'भौगोलिक घटक' बसवला.
फिलिपा म्हणाली, परिच्छेद चांगला आहे गं,
पण चौथं पान पाचव्यावर सांडतंय.

रात्री स्वयंपाकघरात बसून
मी नव्वद शब्दांचे अठरा केले.
मावशी गेली, नदी गेली,
मेंढी तर पहिल्याच वाचनात गेली होती.
उरला एक 'किंवा'.
मोबाइल सिग्नल किंवा अन्य मान्य साधन.
लोकांना वाटतं कायदा दगडात कोरतात.
आम्ही तो पिळतो,
आणि जे ठिबकायचं थांबतं ते वाळत घालतो.

कागद परत आला.
सहमत, असहमत, नोंद घेतली:
तिसऱ्याभोवती निळ्या शाईचा गोल,
घाईतला, पुरता न मिटलेला.

नोंद घेतली. बरं.
मी दुसऱ्या फायलीला लागले.
ज्युरीच्या जेवणभत्त्याची होती ती, आठवतंय,
दोन आठवडे सँडविचवर लिहिलं.

आणि मग पुढच्या मार्चमध्ये,
तांत्रिक दुरुस्त्यांच्या एका कंटाळवाण्या यादीत,
अकराव्या ओळीवर
माझा 'किंवा'.
कुणी घातला, कुणाला पटला, की नुसताच राहून गेला,
विचारलं नाही. विचारलं की लोक वाचतात.

एरुएरा तोवर सुटला होता.
साक्षीदार आलाच नाही, खटला मागे घेतला.
आता कुठे असतो?
पत्ता नाही.

मावशीला फोन लावला. रिंगच जात नव्हती.
अर्थात. डोंगर.

बाबा म्हणायचे, पत्ता अपुरा असला
म्हणून पत्र परत धाडायचं नसतं,
आधी गावात कुणालातरी विचारायचं.
मी लिफाफा घेतला.
सगळ्यात वर डोंगराचं नाव लिहिलं,
त्याखाली नदीचं,
मग वळण, मग मेरेआना.
आत राजपत्राचं एक पान,
अकराव्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ,
आणि खाली सही. पदनाम नाही घातलं.

सप्टेंबर संपत आला.
पोहोचलं का, ठाऊक नाही.
परत तरी आलेलं नाही अजून.