चार तळहात

मुलाणींनी रुपयाचं नाणं टायरच्या खाचेत उभं केलं.
बुडेना.
"बघा साहेब," एवढंच म्हणाले,
नाणं परत माझ्या हातात.

कोरेगाव रोड, तीनचं ऊन, रबराचा वास.
पोरगा पान्यावर उभा राहून नट सैल करतोय.
भिंतीशी दोन चळती:
डावीकडचे चौतीसशेला एक,
उजवीकडचे साडेपाच हजारांना.
मी दोन्हींना नख लावून पाहिलं
मंडईत वांगं बघावं तसं.
काही कळलं नाही.

फरक एकवीसशे. गुणिले चार.
आठ हजार चारशे.
एवढ्यात गिझर येतो.
उभ्या उभ्या मी तो बसवलासुद्धा,
पाणी तापलं, आरशावर वाफ धरली.

पण गाडी चालवते विजयमाला.
रोज मेढा, पुढं केळघर, शाळा, परत.
रविवारी मी शेजारी बसतो
आणि माझ्या बाजूला नसलेला ब्रेक
घाटभर दाबत राहतो.

मुलाणींनी पंजा उघडला,
रेषारेषांत ग्रीस.
"टायर रस्त्याला टेकतो तो एवढाच.
बाकीचा हवेत."

एवढाच.
असे चार.
त्यावर ती, तपासायच्या वह्या, डबा,
वळणावर समोरून अंगावर येणारी एस. टी.

"उजवीकडचे टाका," मी म्हटलं,
भाव न करता.

घरी किंमत सांगितली ती डावीकडची.
"बरं झालं," विजयमाला म्हणाली,
"उरलेल्यात गिझर बसवू."

मी खिशात हात घातला.
रुपया होता.